चुरशीच्या अध्यक्षीय निवडणुकीत जनमत चाचण्यांवर किती भरवसा ठेवावा?

प्रश्न असा आहे: अमेरिकेच्या अध्यक्षपदाची लढत अटीतटीची असते तेव्हा एक चाचणी एका उमेदवाराला २ पॉइंटांनी (टक्केवारीतल्या २ अंकांनी) पुढे दाखवते आणि त्याच आठवड्यातली दुसरी चाचणी प्रतिस्पर्ध्याला ३ पॉइंटांनी पुढे दाखवते. अशा वेळी या चाचण्या खऱ्या मानायच्या की सरळ बाजूला ठेवायच्या?

लढत चुरशीची आहे एवढं त्या सांगतात, आणि तेवढं बिनधास्त खरं माना. कोण जिंकणार हे त्या सांगत नाहीत. २ पॉइंटांची आघाडी खरी की खोटी हे ठरवण्याइतकं हे साधन बारीक नाही. वखारीच्या काट्यावर सोनं तोलायला गेलं तर दोष काट्याचा म्हणता येत नाही. मात्र काटा किती आणि का हलतो हे माहीत असेल, तर याच चाचण्यांतून बरंच काही काढता येतं.

आधी आकडेमोड, कारण निम्मा गोंधळ इथेच होतो. १,००० जणांच्या चाचणीखाली ‘±३’ असं मार्जिन, म्हणजे चुकीची मर्यादा, छापलेलं असतं. ते ±३ प्रत्येक उमेदवाराच्या टक्केवारीला लागू होतं, दोघांमधल्या अंतराला नाही. एकाचा आकडा चुकून वर गेला की दुसऱ्याचा बहुधा खाली जातो, त्यामुळे अंतरातली चूक जवळजवळ दुप्पट, म्हणजे ±६ धरावी लागते. ४८–४६ अशा चाचणीचा अर्थ ‘पहिला ८ ने पुढे’ इथपासून ‘दुसरा ४ ने पुढे’ इथपर्यंत काहीही होऊ शकतो. अंतर ±२ पर्यंत नेमकं हवं असेल तर सुमारे ९,६०० लोक लागतील, ±१ पर्यंत हवं असेल तर ३८,००० हून जास्त. एका राज्याच्या चाचणीत साधारण ६०० ते १,००० लोक असतात.

शिवाय छापलेला ±३ हा आकडा बऱ्याचदा कोऱ्या सूत्राचा असतो. नमुन्यात तरुण कमी आले म्हणून प्रत्येक तरुणाच्या उत्तराला जास्त वजन द्यावं लागतं, आणि असं वजन जितकं वरखाली कराल तितका नमुना प्रत्यक्षात लहान होत जातो. साधारण भारांकनानंतर (असं वजन दिल्यानंतर) १,००० जणांचा नमुना ६५०-७०० जणांइतकाच कामाचा उरतो. मग एका उमेदवाराच्या आकड्यातली चूक ±३.८ च्या घरात जाते आणि अंतरातली साडेसातच्या वर. चांगल्या संस्था हा परिणाम धरून मार्जिन छापतात, बाकीच्या धरत नाहीत. पोटगटांचं तर विचारूच नका. ‘तिशीखालच्या मतदारांत अमुक १२ ने पुढे’ अशी ठळक बातमी येते तेव्हा त्या गटात जेमतेम १०० माणसं असतात, आणि १०० माणसांवर अंतरातली चूक ±२० असते.

हे सगळं फक्त योगायोगाच्या चुकीचं झालं. संख्याशास्त्रज्ञ अँड्र्यू गेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९९८ ते २०१४ या काळातल्या ६०८ राज्यस्तरीय निवडणुकांच्या ४,२२१ चाचण्या तपासल्या होत्या. त्या सगळ्या मतदानाआधीच्या शेवटच्या तीन आठवड्यांतल्या. त्यांची सरासरी चूक सुमारे ३.५ पॉइंट निघाली, म्हणजे छापलेल्या मार्जिनवरून जेवढी अपेक्षित होती तिच्या साधारण दुप्पट. सवय म्हणून ±३ दिसलं की मनात ±६ वाचावं, आणि अंतरासाठी ते पुन्हा दुप्पट करावं. ऐकायला अती वाटतं, पण गेल्या काही निवडणुकांचे निकाल याच पट्ट्यात पडले आहेत.

उरलेली चूक येते कुठून? मुख्यतः फोन कोण उचलतं यातून. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेच्या टेलिफोन सर्वेक्षणांना १९९७ मध्ये ३६ टक्के प्रतिसाद मिळत होता, तो २०१८ पर्यंत ६ टक्क्यांवर आला. शंभरातले ९४ जण बोललेच नाहीत. ते ९४ आणि हे ६ मताच्या बाबतीत सारखे असतील तर काही बिघडत नाही. ते वेगळे असतील तर नमुना कितीही वाढवा, चूक तशीच राहते, उलट जास्त आत्मविश्वासाने मिरवते. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’ या अमेरिकी नियतकालिकाने सुमारे १ कोटी लोकांना पत्रं पाठवली, २३ लाखांहून जास्त उत्तरं आली, आणि त्यावरून रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी लँडन ५७ टक्के मतं मिळवून जिंकणार असं जाहीर केलं. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांना जवळजवळ ६१ टक्के मतं पडली. त्याहून कितीतरी लहान नमुना घेऊन गॅलप या सर्वेक्षण संस्थेने विजेता बरोबर सांगितला होता.

यावरचा उपाय म्हणजे भारांकन. वय, लिंग, वंश, प्रदेश आणि शिक्षण यांचं नमुन्यातलं प्रमाण खऱ्या मतदारांच्या प्रमाणाशी जुळवायचं. यातलं शिक्षण २०१६ मध्ये महागात पडलं. पदवीधर माणसं सर्वेक्षणाला जास्त उत्तरं देतात आणि त्या वर्षी ती ट्रंप यांच्या प्रतिस्पर्धी हिलरी क्लिंटन यांच्याकडे झुकलेली होती, पण राज्यपातळीवरच्या अनेक चाचण्यांनी शिक्षणाचं भारांकनच केलं नव्हतं. विस्कॉन्सिन राज्यात चाचण्यांची सरासरी क्लिंटन यांना साडेसहा पॉइंटांनी पुढे दाखवत होती, आणि ट्रंप २२,७४८ मतांनी, म्हणजे एका पॉइंटापेक्षा कमी फरकाने जिंकले. शेवटच्या आठवड्यात मन बनवणारे मतदारही तिथे मोठ्या प्रमाणात ट्रंप यांच्याकडे गेले. ते मात्र चाचणीच्या आवाक्याबाहेरचं होतं.

मग २०२० मध्ये बहुतेकांनी शिक्षण धरलं, तरी चूक वाढली. अमेरिकेतल्या सर्वेक्षण व्यावसायिकांच्या संघटनेने, आपोरने, नंतर जी तपासणी केली तिच्यानुसार ती चूक ४० वर्षांतली सर्वांत मोठी होती. देशपातळीवर बायडेन यांची आघाडी सरासरी ३.९ पॉइंटांनी जास्त दाखवली गेली. विस्कॉन्सिनमध्ये तर एबीसी–वॉशिंग्टन पोस्टच्या चाचणीने बायडेन यांना १७ ने पुढे दाखवलं, आणि ते जिंकले ०.६ ने. उपलब्ध माहितीवरून नेमकं कारण सिद्ध करता येत नाही, अशी कबुलीही त्या अहवालात आहे. सर्वांत पटणारं स्पष्टीकरण असं की भारांकनाने गटांचं प्रमाण जुळतं, गटाच्या आत कोण बोललं ते जुळत नाही. पदवी नसलेल्या, ग्रामीण, गोऱ्या पुरुषांचं प्रमाण तुम्ही अगदी बरोबर ठेवलंत, पण त्यांच्यातले संस्थांवर विश्वास असलेले तेवढेच फोनवर बोलले आणि बाकीच्यांनी फोन ठेवून दिला, तर वजन चुकीच्याच माणसांचं वाढतं.

म्हणून २०२४ मध्ये बऱ्याच संस्थांनी आणखी एक पट्टी लावली: गेल्या वेळी तुम्ही कोणाला मत दिलं होतं? त्या उत्तरांची बेरीज २०२० च्या निकालाशी, म्हणजे ५१.३–४६.८ शी, जुळवायची. फायदा उघड आहे, कारण एका पक्षाचे लोक जास्त बोलत असतील तर ते इथे पकडले जातात. तोटा लपलेला आहे. काही लोक हरलेल्याला दिलेलं मत विसरतात किंवा जिंकलेल्याला दिल्याचं सांगतात. मग ही पट्टीच वाकडी होते. दुसरं म्हणजे, असं भारांकन केलेली चाचणी गेल्या निवडणुकीच्या निकालाला चिकटून राहते. आकडे शांत, जवळजवळचे आणि विश्वासार्ह दिसतात, पण त्या शांततेचा बराच भाग पद्धतीतून आलेला असतो. एकंदरीत २०२४ ची चूक २०२० पेक्षा लहान होती, दिशा मात्र तीच. देशपातळीवरच्या बहुतेक सरासऱ्या हॅरिस यांना जेमतेम एका पॉइंटाने पुढे दाखवत होत्या, आणि ट्रंप १.५ पॉइंटांनी जिंकले.

हे निर्णय विश्लेषकाच्या किती हातात असतात याचा उत्तम नमुना २०१६ च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्क टाइम्सने समोर ठेवला. फ्लोरिडातल्या ८६७ जणांची एकच कच्ची उत्तरं त्यांनी चार नावाजलेल्या विश्लेषकांना दिली. तेच लोक, तीच उत्तरं. टाइम्सचा स्वतःचा निष्कर्ष धरून जे पाच निकाल आले, ते ‘क्लिंटन ४ ने पुढे’पासून ‘ट्रंप १ ने पुढे’पर्यंत पसरले होते. भारांकन कशाशी करायचं आणि मतदानाला कोण जाईल हे कसं धरायचं, एवढ्यावरून ५ पॉइंटांचा फरक पडला.

‘मतदानाला कोण जाईल’ हा वेगळाच डोकेदुखीचा विषय आहे. ‘नोंदणीकृत मतदार’ आणि ‘संभाव्य मतदार’ हे दोन वेगळे गट आहेत, आणि दोन चाचण्यांची तुलना करण्याआधी दोन्ही एकाच गटाच्या आहेत ना, हे बघावं. संभाव्य मतदार ठरवताना काही संस्था माणसाच्या तोंडच्या उत्तरावर जातात, काही मतदार यादीतला जुना इतिहास बघतात. आजवरच्या सवयीने क्वचित मतदान करणारा माणूस या वेळी बाहेर पडला, तर इतिहास बघणारी पद्धत त्याला गाळते. तोंडी उत्तर मानणारी पद्धत नुसतं ‘हो, जाणार’ म्हणणाऱ्यांनाही धरते.

मग सरासरी घेतली तर? जरूर घ्या, एकट्या चाचणीपेक्षा ती केव्हाही बरी. ८०० जणांच्या १० चाचण्या एकत्र केल्या तर अंतरातली योगायोगाची चूक ±२.२ वर येते. पण फोन न उचलणारा माणूस सगळ्या दहा संस्थांचे फोन टाळतो. सामाईक चूक सरासरीने तसूभरही कमी होत नाही. २०२० मध्ये विस्कॉन्सिनच्या सरासऱ्या बायडेन यांना सात-आठने पुढे दाखवत होत्या, निकाल वर सांगितलाच आहे. आणि ही चूक राज्याराज्यांत एकाच दिशेने जाते, कारण माणसांचा प्रकार तोच असतो. सात काठावरच्या राज्यांत प्रत्येकी १ पॉइंटाचा फरक दिसत असेल तर ‘चार इकडे, तीन तिकडे’ असा निकाल अपेक्षित धरणं चूक आहे. सगळी सात एकाच बाजूला पडणं हे वाटतं त्याहून बरंच शक्य असतं, आणि २०२४ मध्ये नेमकं तेच झालं: सातही ट्रंप यांना, आणि एकूण इलेक्टोरल मतं ३१२–२२६. हा परस्परसंबंध कमी धरल्यामुळेच २०१६ मध्ये निकालाचा अंदाज वर्तवणाऱ्या काही मॉडेलांनी क्लिंटन यांच्या विजयाची शक्यता ९८-९९ टक्के सांगितली. तो नीट धरणाऱ्या फाइव्हथर्टीएट या निवडणूक-अंदाजांच्या संकेतस्थळाने ट्रंप यांना सुमारे २९ टक्के दिले होते, आणि तरीही भरपूर शिव्या खाल्ल्या.

सरासरीतली आघाडी म्हणजे जिंकण्याची शक्यता किती, याचा ढोबळ हिशेब घरीही करता येतो. एखाद्या राज्याच्या अंतिम सरासरीत अंतराची चूक प्रमाण विचलनाच्या (आकडे सरासरीपासून सहसा किती लांब पडतात त्या मापाच्या) भाषेत ५ पॉइंटांच्या आसपास धरा. मग १ पॉइंटाची आघाडी म्हणजे ५८ टक्के शक्यता, २ म्हणजे ६६, ३ म्हणजे ७३ आणि ५ म्हणजे ८४. थोडक्यात, २ पॉइंटांनी मागे असलेला उमेदवार तिनातल्या एका खेपेला जिंकतो. त्यामुळे एखादं मॉडेल सोमवारी ५२–४८ आणि मंगळवारी ४८–५२ म्हणालं तर काहीही घडलेलं नाही, आणि ‘पारडं फिरलं’ ही बातमी वाचायचीही गरज नाही.

पारडं फिरण्याबद्दल थोडं जास्त. एकाच संस्थेच्या दोन चाचण्यांची तुलना करताना दोघींची चूक एकत्र येते, म्हणून १,००० जणांच्या दोन चाचण्यांमध्ये अंतर ८-९ पॉइंटांनी हललं तरच ते एकट्याने दखल घेण्याजोगं ठरतं. वेगवेगळ्या संस्थांच्या चाचण्यांची तुलना करून ‘वाढला’, ‘घसरला’ म्हणणं तर निरर्थकच, कारण प्रत्येक संस्थेचा स्वतःचा कायमचा कल असतो. शिवाय एखाद्याची वादविवादात फजिती झाली की त्याचे समर्थक काही दिवस सर्वेक्षणाला उत्तरं द्यायचं टाळतात. मत बदललेलं नसतं, बोलणारे बदललेले असतात. २०१२ मध्ये ओबामा यांच्या पहिल्या वादविवादानंतरची घसरण बहुतांशी अशीच होती, हे एकाच गटाला पुन्हा पुन्हा विचारून केलेल्या अभ्यासात दिसलं. मोठ्या घटनेनंतर आठ-दहा दिवस थांबून मगच आकडे बघावेत.

आता उलटी बाजू: सगळ्या चाचण्या एकमेकींशी फारच जुळायला लागल्या तरीही कान टवकारावेत. लढत खरोखर बरोबरीत असली तरी १,००० जणांच्या चाचण्यांपैकी साधारण तिनातली एक नुसत्या योगायोगाने ३ पॉइंटांहून मोठी आघाडी दाखवायला हवी, आणि ±१ च्या आत फक्त चारातली एक पडायला हवी. २०२४ च्या शेवटच्या आठवड्यांत काठावरच्या राज्यांतून बरोबरीचे आकडे धडाधड येत होते, तेव्हा निवडणूक-अंदाज करणारे नेट सिल्व्हर यांनी संस्था कळपाने चालताहेत असा आक्षेप घेतला होता. त्यात तथ्य आहे, पण पूर्ण नाही. जुन्या मतावर भारांकन केलं की चढउतार आपोआप कमी होतात, त्यासाठी कोणी आकडे दडपायची गरज नसते. काहीही असो, अशा वेळी दहा चाचण्या दहा स्वतंत्र साक्षी मानू नयेत.

कळपाबाहेरचा आकडा छापायला हिंमत लागते, पण हिंमत म्हणजे अचूकता नव्हे. चाचण्या घेणाऱ्या अ‍ॅन सेल्झर यांच्या आयोवा राज्यातल्या अंतिम चाचणीने २०१६ आणि २०२० या दोन्ही वर्षी ट्रंप यांना ७ ने पुढे दाखवलं होतं. ते जिंकले अनुक्रमे ९ आणि ८ पॉइंटांच्या आसपास, आणि इतर बऱ्याच जणांना जे दिसलं नव्हतं ते सेल्झर यांना दिसलं होतं. २०२४ मध्ये त्यांच्या ८०८ जणांच्या चाचणीत हॅरिस ४७–४४ पुढे आल्या, देशभर खळबळ उडाली, आणि ट्रंप यांनी आयोवा १३ पॉइंटांनी जिंकलं. त्यांनी आलेला आकडा जसाच्या तसा छापला हे योग्यच केलं. चूक वाचणाऱ्यांची: ‘गेल्या दोन वेळा बरोबर आली म्हणून हीच खरी’ हे तर्कशास्त्र दोन-तीन निवडणुकांच्या पुराव्यावर उभं राहत नाही.

तसंच ‘चाचण्या ट्रंप यांना नेहमी कमी दाखवतात, मग ३ मिळवून टाका’ हेही. २०१२ मध्ये चूक उलट दिशेने होती. ओबामा ३.९ पॉइंटांनी जिंकले, सरासऱ्यांनी त्यांना एकाच्या आसपास पुढे दाखवलं होतं, आणि गॅलपच्या अंतिम चाचणीत तर प्रतिस्पर्धी रॉम्नी ४९–४८ पुढे होते. त्या वर्षी ‘नमुन्यात डेमोक्रॅट जास्त घेतलेत’ म्हणून घरच्या घरी आकडे ‘दुरुस्त’ करणारे निकालाच्या रात्री तोंडघशी पडले. पुढच्या चुकीचा आकार साधारण सांगता येतो, दिशा सांगता येत नाही.

देशपातळीचा आकडा बघून अध्यक्ष कोण हे ठरवणं ही आणखी एक घसरगुंडी. ५३८ पैकी २७० इलेक्टोरल मतं लागतात, आणि ती राज्यवार पडतात. २०१६ मध्ये क्लिंटन यांना देशभरात २.१ पॉइंट जास्त मतं मिळाली, पण विस्कॉन्सिन, मिशिगन आणि पेनसिल्व्हेनिया मिळून ७७,७४४ मतांनी त्या हरल्या. २०२० मध्ये बायडेन ४.५ ने पुढे होते, तरी अ‍ॅरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिनमधली एकूण ४२,९१८ मतांची आघाडी नसती तर २६९–२६९ अशी बरोबरी झाली असती. निर्णायक राज्य (ज्याच्या मतांनी विजेता २७० ओलांडतो ते) आणि देश यांच्या आघाडीतलं अंतर २०२० मध्ये जवळजवळ ४ पॉइंटांचं होतं, आणि २०२४ मध्ये ते जवळजवळ नाहीसं झालं. पेनसिल्व्हेनियात ट्रंप १.७ ने पुढे होते, देशात १.५ ने. त्यामुळे ‘डेमोक्रॅटांना देशात ३ ने पुढे असावंच लागतं’ असले नियम एका निवडणुकीपुरतेच चालतात.

प्रत्यक्ष चाचणी हातात आली की आकड्याच्या आधी तळटीप वाचा. कधी घेतली, नोंदणीकृत की संभाव्य मतदार, मतदार यादीतून फोन केले की स्वतःहून नोंदवलेल्या ऑनलाइन पॅनेलला विचारलं (अशा पॅनेलांत पैशांसाठी वाट्टेल ती उत्तरं ठोकणारे असतात), भारांकन कशाकशावर, शिक्षण आहे का, जुनं मत आहे का. पैसे कोणी दिले हेही. पक्षाच्या अंतर्गत चाचण्या सोयीच्या असतील तेव्हाच बाहेर येतात. तिसऱ्या उमेदवाराचं नाव विचारलं होतं का आणि अनिर्णित किती, हेही बघा: ४६–४४ आणि १० टक्के अनिर्णित ही ४९–४७ पेक्षा फार वेगळी गोष्ट आहे, अंतर तेच असलं तरी. यातलं काहीच छापलेलं नसेल तर ती चाचणी वाचायचे कष्ट घेऊ नका.

आणि निकालाच्या रात्री लगेच ‘चाचण्या चुकल्या’ म्हणायची घाई करू नका. पेनसिल्व्हेनिया आणि विस्कॉन्सिनमध्ये टपाली मतपत्रिका मतदानाच्या दिवसाआधी उघडता येत नाहीत, त्यामुळे तिथले सुरुवातीचे कल एका बाजूला झुकलेले असू शकतात. कॅलिफोर्नियाची मोजणी तर कित्येक आठवडे चालते. २०२४ मध्ये मतदानाच्या दुसऱ्या दिवशी ट्रंप यांची देशभरातली आघाडी ३ पॉइंटांपेक्षा जास्त दिसत होती, आणि मोजणी संपता संपता ती १.५ वर आली. चाचण्यांची चूक मोजायची ती या शेवटच्या आकड्याशी.